दुसऱ्या टेबलावर

मी खऱ्या विमानात आजवर एकदाच बसलो आहे. तेही मधल्या खुर्चीत. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी आल्या आल्या झडप ओढून घेतली आणि थेट दिल्ली येईपर्यंत ते घोरत राहिले; त्यामुळे माझ्या वाट्याला आलेले आकाश समोरच्या खुर्चीच्या पाठीएवढेच होते. असे असूनही गेल्या चारपाच वर्षांत मुंबई, गोवा, हैदराबाद, एवढेच काय, ऑस्ट्रियातल्या डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या इन्सब्रुकलासुद्धा विमान उतरवायला मी हातभार लावला आहे. हा सारा उद्योग कोल्हापुरात, माझ्या थोरल्या भावाच्या माडीवर, रात्री साडेनऊ ते अकराच्या दरम्यान चालतो.

दादा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत इंजिनिअर आहे. दिवसभर भट्टीची धग सोसून घरी यायचे, अंघोळ करायची, चार घास खायचे आणि माडी चढायची, हा त्याचा नेम. त्या खोलीला वहिनींनी विमानतळ असे नाव ठेवले आहे. रात्री कुणाचा फोन आला, की त्या शांतपणे सांगतात, ‘ते विमानात आहेत, अकरानंतर करा.’ पलीकडचा माणूस बिचारा अदबीने फोन ठेवतो. एका व्याह्यांची तर अशी समजूत झाली आहे, की फाउंड्रीचा माल दादा स्वतःच देशोदेशी पोचवून येतो.

हे विमान म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. आजच्या पोरांना त्यात नवल नाही. पण माझ्यासारख्या दहावीवर थांबलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. संगणकाच्या पडद्यावर वैमानिकापुढची काच दिसते आणि तिच्याखाली उंची, वेग, दिशा दाखवणाऱ्या चकत्यांची रांग. टेबलाच्या कडेला योक नावाचे सुकाणू आवळून बसवलेले असते, पायांखाली दोन पेडल. योक अंगाकडे ओढला की विमान नाक वर करते, फार ओढला की धडपडते. मायक्रोसॉफ्टने १९८२ साली हा प्रकार पहिल्यांदा विकायला काढला, तेव्हा त्यातली जमीन म्हणजे काही रेघा आणि ठिपके होते. २०२० साली जी आवृत्ती निघाली तिच्यात सगळी पृथ्वी आहे. आकाशातून घेतलेली तिची छायाचित्रे आणि नकाशे मिळून दोन पेटाबाइटांच्या वर भरतात, म्हणजे वीस लाख गिगाबाइटांच्या वर. एवढे कुणाच्या घरातल्या संगणकात मावायचे? ते राहते दूर, मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवर; आणि आपण पुढे सरकू तसतशी जमीन इंटरनेटवरून विमानाखाली अंथरली जाते. दादाने पहिल्यांदा मला वरून रंकाळा दाखवला, तेव्हा मी आपले घर शोधण्यात इतका दंग झालो, की त्याने विमान तलावात घातले तरी मला कळले नसते.

पण या सुखात एक काटा होता. मुंबईला उतरायची वेळ आली, की विमान अडखळे. दादा चिडून योक सोडून देई आणि म्हणे, ‘आता हे टांग्यागत चालतंय बघ!’

यातले वर्म मला माझ्या धंद्यामुळे चटकन कळले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. वहीच्या कोपऱ्यात एका धावणाऱ्या माणसाची पंचवीसतीस चित्रे काढायची, पाने अंगठ्याने भरभर सोडायची, की माणूस धावतो. हा प्रयोग मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला दाखवतो. सिनेमाची फीतही सेकंदाला चोवीस चित्रे दाखवते. सिम्युलेटरचे तसेच आहे. फक्त सिनेमातली चित्रे आधी काढून झालेली असतात आणि इथे दर चित्र त्या त्या क्षणी, वैमानिकाने योक जसा फिरवला असेल तसे, नव्याने काढावे लागते. त्याआधी वारा किती, पंखांवर उचल किती, इंजिनाचा जोर किती, याचे गणित सोडवायचे, ते निराळेच. समुद्रावर असताना हे काम हलके असते. मुंबईवर आले, की हजारो इमारती, खाडी, झोपड्या, दिवे, धावपट्टीवर रांगेत उभी असलेली दुसरी विमाने, सारे एकदम अंगावर येते. चित्रकार एकटाच, त्याला सेकंदात तीस चित्रे हवी असताना बारापंधराच जमतात. आणि विमानाला सर्वांत अधिक जपायचे असते ते नेमके त्याच वेळी.

त्यात दादाने याच संगणकावर आणखी बिऱ्हाडे थाटलेली. एका खिडकीत नकाशा, दुसरीत विमानतळांचे तक्ते, तिसरीत हवामानाचे वृत्त. धावपट्टी पाच मैलांवर आली, की हा योक सोडून माऊस हुडकणार, तक्ता वर आणणार आणि तेवढ्यात विमान कलते होणार.

२०२१च्या पावसाळ्यात मी लॅपटॉप घेतला. जुना संगणक खाटेखाली गेला. माझ्या दोन कादंबऱ्या त्याच्यावर लिहून झाल्या होत्या. त्याच्या कीबोर्डावरचे इंग्रजी ई हे अक्षर पार पुसले गेले आहे, कारण इन्स्क्रिप्ट पद्धतीत त्या बटणावर काना येतो. आणि कान्याशिवाय मराठीत कुणाचे पान हलले आहे? एका रविवारी दादा आला नि म्हणाला, ‘तो तुझा डबा दे मला.’

‘त्याच्यानं तुझं विमान उडायचं न्हाई दादा.’

‘उडवायचंय कुणाला? त्यानं नुसतं बाजूला बसून सांगायचं.’

मग दादाने तो माडीवर नेला, आपल्या टेबलाच्या डाव्या अंगाला एक लहान टेबल टाकून त्यावर मांडला आणि दोन्ही यंत्रे केबलने एकाच राउटरला जोडली. बिनतारी जोडणीवर त्याचा विश्वास नाही. ‘हवेतून आलेलं कधी येतं, कधी येत न्हाई,’ असे तो म्हणतो. घरातल्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो, तो रोज बदलू नये म्हणून त्याने कायमचा ठरवून दिला: मोठ्याचा शेवटचा आकडा १०, धाकट्याचा ११. मोठ्यावर त्याने लिट्ल नॅवकनेक्ट नावाचा एक चिमुकला प्रोग्राम बसवला. विमान कुठे आहे, किती उंच आहे, कोणत्या दिशेला, किती वेगाने चालले आहे, एवढेच शेजारी कळवत राहायचे, हे त्याचे काम. धाकट्यावर लिट्ल नॅवमॅप. तो त्या निरोपावरून नकाशा काढतो आणि त्यावर विमानाची पिवळी आकृती सरकवत नेतो. हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात, हे वहिनींच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.

पहिल्या रात्री काही केल्या निरोप पोचेना. केबल बदलून झाली, आकडे पुन्हा तपासून झाले. शेवटी कळले, की मोठ्या संगणकातला फायरवॉल दार अडवून बसला होता. पूर्वी वाड्यांच्या देवडीवर एखादा म्हातारा असे, तो घरच्या जावयालासुद्धा ‘कोण आपण?’ म्हणून विचारी; त्यातलाच हा. त्याच्या कानात ११ नंबरवाला घरचाच आहे असे सांगितल्यावर निमूटपणे बाजूला झाला.

दादाला या प्रकाराची सवय जुनी होती. पुण्याला नोकरीत असताना त्याने दोन टाकाऊ संगणक असेच जोडले होते. तेव्हा पीट डाउसन नावाच्या इंग्रज माणसाने लिहिलेला वाइडएफएस हा प्रोग्राम या कामी वापरत. त्याची रीत ऐकून माझ्यातला कादंबरीकार फार खूश झाला. नकाशाचे नि हवामानाचे त्या काळातले पुष्कळ प्रोग्राम असे हेकट होते, की ज्या यंत्रावर आपण आहोत त्याच यंत्रावर सिम्युलेटर सापडला तरच ते काम करीत. तेव्हा या गृहस्थाने काय करावे? दुसऱ्या यंत्रावर त्याने एक तोतया बसवला. तो तोतया त्या प्रोग्रामांना भासवी, की मीच सिम्युलेटर. ते त्याला विचारत, उंची किती? हा केबलवरून खऱ्या विमानाला विचारून घेई आणि आपलीच असल्यासारखी सांगे. त्याला ना पंख, ना इंजिन. पण उंची अचूक सांगायचा.

या दुसऱ्या यंत्राविषयी लोकांच्या भलत्या कल्पना असतात, त्या मात्र खोट्या आहेत. दोन बैल जुंपले की गाडी दुप्पट ओढली जाते, असा हिशेब इथे नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचे उडण्याचे गणित आणि देखाव्याचे चित्रण पहिल्यालाच करावे लागते. ते ओझे वाटून घेता येत नाही. एक्स-प्लेन नावाच्या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये डावीउजवीकडच्या खिडक्यांची चित्रे वेगळ्या संगणकांकडून काढून घेता येतात खरी. पण त्यासाठी ते संगणकही चांगले दणकट लागतात आणि उडायचे कसे हे पहिलाच ठरवतो. आमच्या जुन्या डब्याने फक्त किरकोळ कामे उचलली. नकाशा, तक्ते, हवामान, इतर वैमानिकांशी बोलण्याची सोय, असली कामे. त्याने सेकंदाची चित्रे पंधराची तीस झाली नाहीत. तीनचारच वाढली असतील. पण मध्येच बसणारा हिसका गेला. दादाचे हात योकवर राहू लागले. एवढ्यासाठी कुणी नवा संगणक विकत घेऊ म्हणेल, तर मी त्याला आधी मोठ्या यंत्रात पैसे घाल असे सांगेन. घरात जुना पडून असेल, तर मात्र त्यासारखी सोय नाही.

आणि ही कल्पना काही संगणकवाल्यांनी काढलेली नव्हे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणाने १९२९ साली वैमानिकांना जमिनीवर शिकवणारे पहिले चांगले यंत्र केले. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा. पोराने तिथलेच भाते घेतले नि त्यांच्यावर एक लाकडी विमान बसवले. सुकाणू हलवले, की भात्यांत हवा भरे आणि विमान कले. जत्रेतल्या खेळण्यापलीकडे त्याला आधी कुणी विचारले नाही. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याची कामगिरी पडली, वाईट हवेत अनेकजण मेले, तेव्हा लष्कराने घाईघाईने सहा यंत्रे घेतली. या लाकडी विमानाच्या शेजारी एक टेबल असे. झाकण लावून अंधारात बसलेला शिकाऊ वैमानिक आपण कुठे चाललो आहोत, याचा अंदाज करीत असताना, टेबलावरच्या नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र शाईची रेघ ओढत त्याचा खरा मार्ग दाखवी. त्याला खेकडा म्हणत. शिक्षक त्या टेबलाशी बसून रेघ बघे आणि वैमानिकाशी बोले.

ती रेघ बघणारा कुणी बाजूला असावा, याचे मोल मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. १९५३च्या जुलैत ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरले. ते नऊ दिवसांनी तिथून हलवता आले. १९७२च्या सप्टेंबरात जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तेच केले आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. दोन्ही विमानतळ हाकेच्या अंतरावर. वरून बघणाऱ्याला दिवे सारखेच. दादा जुहू ओलांडून जाताना दर वेळी मला विचारतो, ‘हे जुहूच न्हवं?’ आणि मी नकाशाकडे बघून ‘जुहूच’ म्हणतो.

कारण त्या दुसऱ्या टेबलाशी मी बसतो. सुरुवातीला आपला डबा कसा चालतो, ते बघायला गेलो होतो. मग जाणे सुटले नाही. नकाशा सरकवायचा, पुढच्या विमानतळाचा तक्ता उघडून ठेवायचा, वारा कुठून आहे ते वाचून दाखवायचे. आणि शेवटी दिव्यांचे रंग सांगायचे. धावपट्टीच्या कडेला ओळीने चार दिवे असतात. विमान योग्य उतारावरून येत असेल, तर दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसतात. फार वर असाल तर सगळे पांढरे, फार खाली असाल तर सगळे तांबडे. ते दिवे दादाच्याच पडद्यावर असतात. मी मान वळवून बघतो नि सांगतो, ‘दोन-दोन.’

दादाला तांबडा रंग नीट दिसत नाही. त्याला तो काळसर, मळकट दिसतो.

हे घरात प्रथम कळले ते मला. १९९१ साली दादा अठरा वर्षांचा होता आणि मी दहाचा. वैमानिकाच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा, तर डोळ्यांची तपासणी आली. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेले ठिपक्यांचे पुस्तक त्यासाठी वापरतात. रंगीबेरंगी ठिपक्यांत एक आकडा दडलेला असतो. दादाने ते पुस्तक कुठल्याशा दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून एका दिवसासाठी मागून आणले आणि मला गच्चीवर नेले. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, त्यालाही दिसला. दुसऱ्या पानावर मला ८ दिसला. दादा म्हणाला, ‘तीन आहे की.’ मला वाटले, हा चेष्टा करतोय. पुढच्या पानावर मला २९, त्याला ७०. चारपाच पाने झाल्यावर तो बोलायचा थांबला. मग म्हणाला, ‘तू सांग, मी पाठ करतो.’ ऊन उतरेपर्यंत मी एकेक पान उघडून आकडा सांगत होतो आणि तो कविता घोकावी तसा घोकत होता. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पुस्तक मधूनच उघडले, पाने पुढेमागे केली. रात्रीच्या एसटीने दादा परत आला. आईअण्णांना त्याने उंची कमी पडली असे सांगितले. मी गप्प बसलो. आजतागायत त्या पुस्तकाचे नाव आम्ही दोघांनी काढलेले नाही.

दादा इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला. १९९७ साली मी दहावी पास झालो. मला मुंबईला जाऊन चित्रकला शिकायची होती, जे. जे. स्कूल ऑफ आर्टची इमारत एका दिवाळी अंकातल्या छायाचित्रात पाहिली होती, ते पान मी फाडून ठेवले होते. त्या जूनमध्ये आईला अर्धांगाचा झटका आला. अण्णा थकलेले. दादाची नोकरी सुटली असती तर घरात पैसा येणार कुठून? कुणी कुणाला काही सांगितले नाही. बसून ठरवले, असेही झाले नाही. मी राहिलो. आईचे करता करता चित्रकला शिक्षकाची पदविका गावातच घेतली. आई २००६ साली गेली. ती नऊ वर्षे दादाची मनिऑर्डर दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत येई आणि खाली मजकुराच्या जागेत एकच ओळ असे: ‘तिकडचं तू बघतोस म्हणून मला काळजी नाही.’ ती ओळ वाचून कधी मला बरे वाटे. कधी तो कागद चुलीत घालावासा वाटे. दोन्ही खरे आहे, आणि आज पंचेचाळिसाव्या वर्षीही त्यातले एक निवडून सांगता येत नाही.

मास्तर माणसाला उपमा फार लवकर सुचतात. माडीवरच्या त्या दोन टेबलांकडे बघून मला काय सुचले असेल, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ती मी बरेच दिवस मनातून बाहेर ढकलत होतो; एक तर ती फार सोपी होती, आणि दुसरे म्हणजे दादालाही ती सुचली असेल काय, हे विचारायचे धैर्य नव्हते.

यंदा आषाढात एका रात्री बाहेर पाऊस कोसळत होता. मी वर गेलो तर दादा धाकट्या टेबलाशी बसलेला. मला वाटले, डबा बिघडला.

‘काय झालं?’

‘काय न्हाई. आज तू बस तिकडं.’

‘मला येतंय होय?’

‘चार वर्षं बघतोयस की. बस.’

मी मोठ्या खुर्चीत बसलो. पाय पेडलांना पुरेनात. खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर उजळाईवाडीची धावपट्टी होती, सेसना १७२ हे लहान विमान तयार उभे होते. मी विचारले, ‘कुठं जायचं?’

दादा नकाशाकडे बघत होता. म्हणाला, ‘मुंबई. तुला जायचं होतं न्हवं?’

मी काही बोललो नाही. पंखा फिरू लागला. विमान वेडेवाकडे धावले आणि सुटले.

कोल्हापूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर. लहान विमानाला दीड तास लागतो. साडेआठ हजार फुटांवर आलो, तेव्हा डाव्या हाताला सह्याद्रीचे कडे ओळीने उभे होते. दादा शेजारून सांगत होता. ‘खाली बघ, कोयनेचं पाणी.’ मग, ‘महाबळेश्वर आलं. जरा डावीकडं. आता रायगड.’ त्याचा आवाज मी इतकी वर्षे मोठ्या टेबलावरून ऐकत आलो. डावीकडून येणारा तो आवाज निराळा वाटत होता. पनवेलवर अंधार पडला. वहिनी एकदा वर येऊन, खुर्च्या बदललेल्या पाहून, न बोलता दोन कप कॉफी ठेवून गेल्या.

ठाण्याची खाडी काळी पसरलेली होती आणि पलीकडे दिव्यांचा नुसता चुरा. त्यात एक सरळ ओळ दिसू लागली. माझे तळहात घामेजले होते. विमान एकदाही अडखळले नाही.

‘दिवे कसे दिसतात?’ दादाने विचारले.

‘तीन तांबडे. एक पांढरा.’

‘मग खाली आहेस,’ तो म्हणाला. ‘जरासं वर घे.’